काकांचा निकाल आणि वक्त्यांची कवळी

निकालाच्या दिवशी आमचे काका कोर्टात चेनची पिशवी घेऊन गेले होते. कशाला, तर निकाल आपल्या बाजूने लागला की पैसे मोजून घ्यायचे, पिशवीत भरायचे आणि थेट घरी यायचं. न्यायाधीश टेबलाच्या खणातून नोटा काढून देतील, अशी त्यांची साधीसुधी समजूत होती. निकाल बाजूने लागलाही. पिशवीत घालायला चार कागद मिळाले. वकिलांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि जाता जाता राहिलेल्या फीची आठवण करून दिली. काकांनी विचारलं, पैसे कुठल्या खिडकीवर मिळतात? वकील म्हणाले, कोर्टाने समोरच्या पक्षाला पैसे द्यायला सांगितलंय, तुम्हाला आणून देतो असं कुठे म्हटलंय? मी शेजारीच उभा होतो. पुतण्या असल्यामुळे मला हसायची सोय नव्हती.

काका कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात आणि काका घराच्या मागच्या खोलीत बसून त्यावर दात बसवतात, घासतात, चकाकी आणतात. खोलीभर प्लास्टरची पांढरी धूळ आणि दिवसभर मशीनची घरघर. आपण केलेली कवळी रस्त्यात दिसली तर काका आधी दात ओळखतात, मग माणूस. माणूस ओळखण्यातली त्यांची गती एवढीच. तिचा सर्वात मोठा नमुना म्हणजे वक्ते.

वक्ते हे आडनाव नव्हे, उद्योग. गावात सत्कार असो, उद्घाटन असो की शोकसभा, माईक यांच्याच हातात. शोकसभेत ते इतकं रंगून बोलत की गेलेल्या माणसाला आपण लवकर गेलो याचं समाधान वाटावं. काकांचे ते शाळेपासूनचे दोस्त. दात पडले तेव्हा काकांनी त्यांना वरची-खालची अशी पूर्ण कवळी फुकट करून दिली. ती तोंडात नीट बसल्यावर वक्त्यांनी पहिलं मोठं काम केलं ते म्हणजे काकांकडे उसने पैसे मागितले. मुलाच्या धंद्यासाठी हवेत, दोन महिन्यांत परत करतो म्हणाले.

पैसे काकूचे होते. काकू दवाखान्यात नर्स होती. सगळी नोकरी रात्रपाळीत गेली आणि दिवसाची झोप त्या मशीनशेजारी. निवृत्त होताना तिला जे पैसे मिळाले त्यातून गच्चीवर एक खोली बांधायची, दार लावायचं आणि शांत झोपायचं, एवढीच तिची इच्छा. जिना बांधून झाला होता. पुढचे पैसे गवंड्याला द्यायचे तेवढ्यात वक्ते आले. काकांनी शब्द दिला, काकूने चेकवर सही केली. तेव्हापासून तो जिना वर जातो आणि मोकळ्या आभाळात संपतो. काकू त्याच्या कठड्यावर कपडे वाळत घालते. इतक्या वर्षांत तिने पैशांचा विषय एकदाही काढला नाही. भांडली असती तर काका सुटले असते.

शेवटी काकांनी वक्त्यांवर दावा लावला, त्याचाच तो निकाल. निकालानंतर वकिलांनी अंमलबजावणीची दरखास्त लावली. म्हणजे निकाल मिळाला तो खरा करून द्या, असा पुन्हा त्याच कोर्टाला अर्ज, पुन्हा स्टँप, पुन्हा तारखा. तिथे कळलं की जप्तीसाठी वक्त्यांच्या नावावर काय काय आहे हे काकांनीच शोधून दाखवायचं. काकांनी महिनाभर हिंडून शोध लावला. घर बायकोच्या नावावर, गाडी मुलाच्या, दुकान सुनेच्या. वक्त्यांच्या स्वतःच्या नावावर फक्त काकांचा निकाल होता.

तरी एका सकाळी कोर्टाचा बेलिफ, काका आणि मी वक्त्यांच्या दारात उभे राहिलो. काकांनी तीच चेनची पिशवी घेतली होती. वक्त्यांनी आमचं स्वागत असं केलं की जणू आम्ही त्यांच्या सत्काराला आलो होतो. बेलिफ शांत माणूस होता. तो काकांना म्हणाला, दाखवा काय उचलायचं. काकांनी टीव्ही दाखवला. वक्त्यांच्या पत्नीने पावती आणली, टीव्ही सुनेचा. फ्रिज दाखवला, फ्रिज तिच्या माहेरचा. सोफा मुलाचा. कपाटाची पावती तर इतकी चटकन आली की ती हातातच धरून ठेवली असावी. कपडे, अंथरूण आणि स्वयंपाकाची भांडी कायद्याने उचलता येत नाहीत, हे बेलिफने आधीच सांगितलं होतं.

"तुला काय वाटतं, मला द्यायचे नाहीत?" वक्ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "पुढच्या महिन्यात नक्की."

हे बोलताना त्यांची कवळी टकटक वाजली. काकांनी एकदम मान वर केली. पैशांवरून इतक्या वर्षांत ज्या माणसाचा आवाज चढला नव्हता, तो म्हणाला, "हे काय? कधीपासून हलतेय?"

वक्ते म्हणाले, झाले सहा महिने. परवा स्टेजवर वाक्य संपायच्या आत खालची घसरली, लोक हसले, कोणी केली म्हणून विचारत होते. झालं. काकांच्या कपाळावर शीर उभी राहिली. आपली कवळी भर सभेत वाजते आणि लोक कारागिराचं नाव विचारतात, ही बदनामी त्यांना कर्जापेक्षा जड होती. त्यांनी पिशवीची चेन उघडली आणि मापाचा लगदा काढला. इतर लोक छत्री बाळगतात तसं काका हे सामान बाळगतात. वक्त्यांना सोफ्यावर, म्हणजे मुलाच्या सोफ्यावर, बसवलं, हिरड्यांचं नवं माप घेतलं आणि दोन्ही कवळ्या रुमालात गुंडाळून पिशवीत टाकल्या. म्हणाले, आतून थर देतो, उद्या दुपारी ये. बेलिफने अहवालात लिहिलं, जप्त करण्याजोगं काही आढळलं नाही. मी मनात म्हटलं, वा काका, जप्तीला गेलात आणि दुरुस्तीचं काम घेऊन आलात, तेही फुकट.

घरी काकूने विचारलं, पिशवीत काय आहे? काकांनी सांगितलं. नंतर मला बाजूला घेऊन तिने एवढंच विचारलं की वक्त्यांचा पुढचा कार्यक्रम कधी आहे. मी सांगितलं, उद्या संध्याकाळी, मोठा आहे, दहा हजार माणसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वक्ते तोंडावर रुमाल धरून आले. काका मागच्या खोलीतून डबी घेऊन बाहेर आले. काम झालं होतं आणि असं झालं होतं की दातांच्या चकाकीत खिडकी दिसत होती. काकूने डबी त्यांच्या हातातून घेतली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा वर जाऊन बघून या."

वक्ते वर गेले आणि खाली आले. वर काही नाही, असं त्यांनी हातानेच सांगितलं. आयुष्यात प्रथमच ते दुसऱ्याचं बोलणं ऐकून घ्यायच्या स्थितीत होते, आणि काकूने ती संधी सोडली नाही. तिने सांगितलं की तिथे तिची झोपायची खोली व्हायची होती. तिने रात्री जागून साठवलेले पैसे त्यांनी नेले, आणि तिचा नवरा तेव्हापासून तिच्याकडे सरळ बघून जेवलेला नाही. मग डबी उघडून वरची कवळी त्यांच्या हातात दिली. वक्त्यांनी ती पाठ फिरवून बसवली.

"पुढच्या महिन्यात नक्की," ते अर्धवट बोबडं म्हणाले.

काकूने डबी बंद केली. "मग खालचीही पुढच्या महिन्यात."

वक्ते काकांकडे वळले. शाळेपासूनचा दोस्त, मऊ माणूस, आणि कामात कधी खोट नाही. काकांनी एखाद्या गिऱ्हाईकाची कवळी अडवलेली मी पाहिलेली नाही. बिल बुडवणाऱ्याचीसुद्धा नाही. काका डबीकडे बघत राहिले. मग काकूकडे बघितलं, सरळ.

"खालची अजून वाळायची आहे," काका म्हणाले. "वेळ लागेल."

आमच्या काकांनी कामाबद्दल सांगितलेली ही पहिली थाप. तीही इतकी वाईट सांगितली की त्यांचे कान लाल झाले.

कार्यक्रमाच्या तासभर आधी वक्त्यांची सून जाड पाकीट घेऊन आली. इतकी वर्षं नसलेले पैसे एका दुपारीत उगवले. सगळे नव्हते, पण चार भिंती आणि छप्पर होईल इतके होते. काकूने ते दोनदा मोजले, चेनच्या पिशवीत भरले आणि डबी दिली. उरलेल्या रकमेची दरखास्त कोर्टात अजून चालू आहे. वकील म्हणतात, तारीख जवळच आहे.

त्या संध्याकाळी वक्ते झकास बोलले म्हणे. एकही अक्षर घसरलं नाही. विषय होता प्रामाणिकपणा.

काकूची खोली झाली. पहिल्या दिवशी भर दुपारी ती वर गेली आणि दार लावून घेतलं. काका मागच्या खोलीत नुसते बसून होते. डॉक्टरचा फोन आला, कवळी कधी मिळेल म्हणून विचारत होते.

"अजून वाळायची आहे," काका हळू आवाजात म्हणाले, आणि ती उठेपर्यंत त्यांनी मशीन लावलं नाही.