चंद्री नावाचा मेनू

मंडळी, आज आईनं माझी लाज राखली.

तुळजापूरच्या एका लॉजची वेबसाईट दुपारी दाखवायची होती. पानाच्या वरच्या मेनूला, म्हणजे बटणांच्या पट्टीला, लाल रंग दिला की खालचाही लाल व्हायचा. सकाळपासून डोकं फोडलं, काही केल्या जमंना.

शेळ्यांना पाला टाकता टाकता आईनं विचारलं, "काय झालं रं?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "समद्या शेळ्यांना एकच हाक मारल्यावर समद्याच येणार की! चंद्री म्हणलं की चंद्रीच येती."

खरंच, मी दोन्ही मेनूंना वेगळी नावंच दिली नव्हती! दिली, आणि रंग आपापल्या जागी बसले. लॉजवाले काका लई खूश.

कोडमध्ये खालच्या मेनूचं नाव आता चंद्री आहे. वेबसाईटवर बनवणारा म्हणून माझं नाव आहे. आईचं कुठं लिहू, सांगा?