गाडीखालचा पाहुणा

रत्नागिरीत आमच्या नाक्यावर एक मेकॅनिक आहे. जुनी गाडी दिसली की मालकाला नमस्कार करायच्या आधी तो तिच्याखाली आडवा होतो आणि मागच्या ॲक्सलवरचा, चाकांना फिरवणारा डिफरन्शियलचा गोळा कुठल्या प्रकारचा आहे ते सांगतो. बॉनेटकडे ढुंकूनही बघत नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव त्याच्या आजोबांच्या जुन्या गाडीतून आला. “एक स्क्रू बदललेला नाही,” आजोबा सगळ्यांना सांगत होते. तोवर हा मेकॅनिक इस्त्रीच्या सदऱ्यासकट गाडीखाली गेलासुद्धा.

“ह्या गाडीचा मूळ गोळा पुढून उघडतो. ह्याला झाकण मागे आहे. दुसऱ्या गाडीचा बसवलाय ओ.”

आजोबांचा चेहरा पडला. भाऊ माझ्याकडे बघायला लागला, कारण ह्याला आमंत्रण मी दिलेलं.

सदरा झटकत तो भावाला म्हणाला, “पण परक्या घरचा गोळा इतका नीट सांभाळलाय. तुम्ही मुलगी द्या बिनधास्त.”