बाबांचा आवाज, लिनक्स आणि मी

माझ्या वडिलांचा आवाज मी एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत दोनदा पुसून टाकला. दोन्ही वेळा पडद्यावर मला आधी विचारलं होतं, 'सगळं पुसलं जाईल, नक्की ना?' आणि दोन्ही वेळा मी 'हो' म्हटलं. त्यामुळे माझी फसवणूक झाली असं मला कुणाला सांगताही येत नाही!

आमचे बाबा म्हणजे लालबागमधले जुने भजनीबुवा. गिरणी सुटली की चाळीच्या गच्चीवर त्यांच्या भजनाची बारी रंगायची, तेव्हा खाली रस्त्यावर माणसं थांबायची म्हणे. अभंग सगळ्यांचेच, पण चाली बाबांच्या स्वतःच्या. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत आणि बरोबरचे टाळकरी एकेक करून निघून गेले. पुढे गळ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबांचा आवाज गेला. आता ते बोलतात तेव्हा नुसती हवा बाहेर येते. नशिबाने त्यांच्या जुन्या कॅसेट होत्या. त्या मी कौतुकाने लॅपटॉपमध्ये उतरवून घेतल्या, एका पेनड्राइव्हवरही ठेवल्या आणि मग कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. (घरात जागा होते म्हणून सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, त्या दिवशी माझं कौतुकही केलं होतं. तेवढंच शेवटचं.)

तेव्हापासून दिवेलागणीला बाबा खाटेवर बसायचे, हातात झांज घ्यायचे आणि मला नुसतं म्हणायचे, "लाव." मी लॅपटॉप लावायचा. मग त्यातले तरणे बाबा गायचे आणि खाटेवरचे म्हातारे बाबा त्यांना झांजेची साथ द्यायचे. मधेच हात थांबवून आपल्या मालवणीत पुटपुटायचे, "हयसर चुकलंय." स्वतःच्या चुका ऐकतानाही त्यांचा चेहरा असा खुलायचा की त्या वेळी घरात टीव्ही लावायची कुणाची छाती नव्हती.

आणि मग आला दसरा.

आमच्याकडे खंडेनवमीची शस्त्रपूजा दसऱ्यालाच उरकतात. शस्त्रं म्हणजे विळी, शिलाई मशीन, हातोडी, माझी स्कूटर आणि अलीकडे लॅपटॉप. घरचा कर्ता म्हणून पूजा माझ्याकडे. मी हात आखडता घेत नाही. हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि मूठभर अक्षता!

"अहो, त्याचं झाकण तरी मिटा," सुनंदा म्हणाली.

"मिटून कशी पूजा होईल? देवाचं तोंड झाकून कुणी कुंकू लावतं का?"

"देव नाहीये तो. खाली बटणं आहेत त्याला."

"तू नैवेद्याचं बघ," मी म्हटलं. (हे वाक्य मी त्यानंतर आजपर्यंत पुन्हा उच्चारलेलं नाही.)

संध्याकाळी बाबा म्हणाले, "लाव." मी बटण दाबलं. लॅपटॉपने एक लांब किंकाळी फोडली आणि पडद्यावर एक निळं पान उघडलं. त्यावर तारीख, वेळ आणि इंग्रजीत कसल्या कसल्या याद्या. बंद करून परत चालू केला, परत निळं पान. मी वाकून नीट बघितलं तर बटणांच्या फटीत लालसर पूड दिसली. मी तज्ज्ञासारखी मान हलवली.

"मिरची गल्ली! मसाले कुटतात तिथली पूड. लालबागची हवाच आहे ही. माणसं शिंकतात, हा तर बिचारा लॅपटॉप."

सुनंदा त्या पुडीकडे बघत काहीतरी बोलणार होती. पण मी हात वर केला आणि तिने तोंड मिटलं. आमच्या संसारात मी तिला गप्प बसवल्याचे प्रसंग फार थोडे आहेत, आणि त्यातला प्रत्येक मला महागात पडलेला आहे.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर केणी बसतो. शिवाजी पार्कला राहतो, सकाळी मैदानाला फेऱ्या मारतो आणि उरलेला दिवस लोकांना लिनक्सची दीक्षा देतो. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टिम. केणीला कुणी सर्दी झाली सांगितलं तरी तो लिनक्सवरच येतो. मी तर आयताच त्याच्या तावडीत सापडलो.

"विंडोज उडाली तुझी," केणी लॅपटॉप न बघताच म्हणाला. "टेन्शन नको घेऊस. लिनक्स टाक. मख्खन चालेल. आणि फुकट!"

फुकट म्हटल्यावर माझा विचार करण्याचा भाग आपोआप बंद पडतो. शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन मी त्याच्या घरी गेलो. त्यावर लिनक्स भरायचं आणि मग तो आमच्या लॅपटॉपला लावायचा, असं ठरलं होतं.

"पेनड्राइव्ह रिकामा आहे ना रे?"

"बरीच जागा आहे त्यात," मी म्हटलं. बाबांची भजनं त्यातल्या एका कोपऱ्यात होती. डब्यात तळाशी लाडू असले म्हणून वर चिवडा ठेवता येत नाही का? माझी समजूत अशी घरगुती होती.

केणी सगळी जुळवाजुळव करून चहा टाकायला आत गेला. तेवढ्यात पडद्यावर चौकट आली. मी इतकी वर्षं हेडक्लार्क आहे. समोर काही आलं की न वाचता मंजूर करायचं, हा माझा धर्म. मी 'हो' दाबलं. चहा येईपर्यंत लाडवांसकट डबा घासून पुसून लख्ख झाला होता आणि मी तो खिशात घालून, केणीच्या बायकोचे आभार मानून, आनंदाने घरी आलो.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी कामाला लागलो. त्या निळ्या पानातूनच 'पेनड्राइव्हवरून सुरू कर' असं सांगता येतं, ते केणीने शिकवलं होतं. खरंच लिनक्स पडद्यावर आलं. एवढं सुंदर, स्वच्छ, की मी बाबांना हात धरून दाखवायला आणलं. बाबांनी बराच वेळ बघितलं आणि पुटपुटले, "बरा दिसता. गाता काय?"

"गाईल, बाबा. जरा धीर धरा."

लिनक्सने मला विचारलं की जुनं ठेवून शेजारी बसू का? मी म्हटलं बस. (बघा, त्या वेळी मला केवढी अक्कल होती!) सगळं पार पडलं, लॅपटॉप बंद होऊन परत चालू झाला, किंकाळी आली आणि समोर तेच निळं पान.

मी केणीला फोन लावला.

"च्यायला! जुन्या सिस्टिमचा काहीतरी लोचा राहिला असणार," केणी म्हणाला. "सगळं साफ कर आणि नव्याने टाक. बॅकअप आहे ना पण? म्हणजे दुसरी कॉपी?"

"आहे की! पेनड्राइव्हमध्ये."

"जपून ठेवलायस ना तो?"

"डोळ्यांसमोर आहे अगदी," मी म्हटलं. होताच तो डोळ्यांसमोर. लॅपटॉपला लावलेला होता आणि त्याचा छोटा दिवा लुकलुकत होता.

सुनंदा मागे उभी होती. "अहो, भजनं आहेत त्यात. पुसण्याआधी एकदा पेनड्राइव्ह उघडून तरी बघा."

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

तिने पुन्हा पेनड्राइव्हकडे बोट दाखवलं, तेव्हाच मी समजायला हवं होतं. पडद्यावर चौकट आली. या वेळी मी ती वाचली, मोठ्याने वाचली, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली आणि मग 'हो' दाबलं. एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. बाबा शेजारी बसून तिच्याकडे कौतुकाने बघत होते आणि हातातल्या झांजेने अगदी हलका ठेका धरत होते.

पट्टी भरली. लॅपटॉप परत चालू झाला. किंकाळी. निळं पान!

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी विंडोजला, लिनक्सला, केणीला आणि मिरची गल्लीतल्या समस्त डंकवाल्यांना शिव्या घातल्या. सुनंदाने शांतपणे माझ्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, तो पालथा केला आणि सुपातलं धान्य पाखडावं तसे त्याला दोन झटके दिले. खाली फरशीवर कुंकवाची पूड पडली. आणि तिच्या मागोमाग तांदळाचा एक लालभडक दाणा!

सुनंदाने लॅपटॉप सरळ ठेवून बटण दाबलं. किंकाळी नाही, निळं पान नाही, दहा मोजायच्या आत लिनक्स हजर. वरच्या रांगेतल्या एका बटणाखाली अक्षत अडकली होती. यंत्र चालू होताना ते बटण दाबलेलं असलं की ते निळं पान उघडतं, असा त्याचा नियम, असं नंतर केणीने समजावलं. लॅपटॉपला बिचाऱ्याला वाटत होतं की आपला मालक दसऱ्यापासून बटणावर बोट ठेवून बसला आहे. त्याचं काही बिघडलंच नव्हतं. विंडोज निर्दोष, मिरची गल्ली निर्दोष. झटके आधी दिले असते तर त्याच संध्याकाळी भजन झालं असतं.

"लाव," बाबा म्हणाले.

मी पेनड्राइव्ह उघडला. आत कसल्यातरी परक्या नावांच्या फायली होत्या. भजनांचा पत्ता नव्हता. मी तो काढून पुन्हा लावला, फुंकर मारून लावला, उलटा धरून लावला. मग शनिवारची ती न वाचलेली चौकट माझ्या डोळ्यांसमोर अक्षर न अक्षर उभी राहिली.

"आवाज येत नाय रे," बाबा पुटपुटले.

"बाबा... आवाज गेला."

"माझो पयलोच गेलो. ह्यातलो खंय गेलो?"

"पुसला."

"कोणी?"

मी म्हटलं, "मी."

बाबांनी झांज खाली ठेवली नाही, आपटली नाही. ती त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली, तिच्या पिशवीत घातली, पिशवीची नाडी ओढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, त्यांनी एक शिवी हासडली असती तरी बरं वाटलं असतं. पण त्यालाही आवाज लागतो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी लॅमिंग्टन रोडला धावलो. तिथल्या एका दुकानदाराने लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह दोन्ही तपासले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"साहेब, यावर वरून परत लिहिलंय सगळं. लोक चुकून पुसतात, ते काढून देतो मी. तुम्ही एवढं मन लावून पुसलंय की काही शिल्लकच नाही."

केणीला सांगितलं तर तो चुकचुकला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पण लॅपटॉप चालू किती फास्ट होतोय बघ!" त्या दिवसापासून मी टेबल बदलून घेतलं आहे.

घरी बाबांनी बोलणं टाकलं. मुळात होती कुजबुज, तीही बंद. दिवेलागणीला ते खाटेवर बसायचे आणि नुसते दाराबाहेर बघायचे. चाळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. लोक मुद्दाम घरी येऊन हळहळायचे आणि जाताना माझ्याकडे असे बघायचे की जणू मी बुवांच्या गळ्यावर स्वतः सुरी चालवली. सुनंदाने लॅपटॉपला एक कव्हर शिवलं, चेन लावलेलं, आणि तो मिटून कपाटात ठेवला.

असे किती दिवस गेले कोण जाणे. मग एका संध्याकाळी बाबांनी झांज बाहेर काढली. माझा जीव भांड्यात पडला. मला समोर बसवून ते म्हणाले, "म्हण."

"काय म्हणू?"

"भजन. चाल तुका सांगतंय."

मी थट्टा समजलो. मी शाळेतल्या प्रार्थनेत नुसते ओठ हलवावेत अशी बाईंची ताकीद होती! पण बाबा थट्टा करत नव्हते. त्यांच्या सगळ्या चाली आता फक्त त्यांच्या डोक्यात होत्या आणि बाहेर यायला वाट एकच उरली होती, माझं तोंड. आणि ही पाळीही माझ्यामुळेच आली होती.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी गातो. बाबा बोट वर करतात, खाली करतात, हवेत वेलांटी काढतात. सूर चुकला की झांज थेट माझ्या कानाशी वाजते. झांज जवळजवळ सारखीच वाजत असते. बाबा डोळे मिटतात, माझ्या आवाजात आपली चाल शोधतात आणि ती न सापडून डोळे उघडतात. त्या वेळी त्यांच्या नजरेत जे असतं ते मला बघवत नाही. राग असता तर सोसला असता. परवा शेजारचे परब दारात येऊन उभे राहिले. थोडं ऐकलं आणि काळजीने म्हणाले, "बुवा, लॅपटॉप दुरुस्त होईस्तोवरच आहे ना हे?"

बाबांनी मला नुसतं बोटाने दाखवलं, पुढे म्हण.

सुनंदा मात्र सावध झाली आहे. उद्या कुणाला चाली लागल्या तर असाव्यात म्हणून ती माझं रोजचं गाणं मोबाइलवर टिपून घेते, दुसऱ्या दिवशी त्याची एक प्रत माहेरी पाठवते आणि एक नव्या पेनड्राइव्हवर भरून कुलपात टाकते. ज्या आवाजासाठी रस्त्यावर माणसं थांबायची त्याची आता एकही प्रत उरलेली नाही, आणि माझ्या आवाजाच्या चांगल्या तीन-तीन आहेत!