मामांचा लाल दोरा

आमच्या हिच्या मामांनी पाहिली तेवढी तोंडं उभ्या भिवंडीत कोणी पाहिलेली नाहीत, दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा नाही. लोक भेटले की तब्येत विचारतात, चहा विचारतात. मामा म्हणतात, "आ करा." लगेच खिशातून घडीचं भिंग निघतं. उभा जन्म मामांनी लूमवरून उतरलेलं कापड तपासलं. त्याच भिंगाने धागे मोजायचे आणि कुठे तुटका धागा दिसला की तिथे काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्याला दोष लगेच कळतो. काम सुटलं, पण भिंग आणि दोऱ्याची रीळ मामांबरोबर घरी आली आणि आमच्या मागे लागली.

मामी पोटाच्या कॅन्सरने गेल्या. त्यानंतर वर्षभराने मामा दाढ दाखवायला धामणकर नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई बोलता बोलता म्हणाल्या, हिरड्यांचा जुना आजार असला की तिथले जंतू लाळेबरोबर पोटात उतरतात, आणि अशा लोकांमध्ये पोटाचा कॅन्सर जरा जास्त आढळतो असं संशोधकांना दिसू लागलंय. मात्र हेच कारण, असं अजून सिद्ध झालेलं नाही. हे शेवटचं वाक्य मामांनी ऐकलं की नाही देव जाणे. तिथून जे सुटले ते थेट आमच्या घरात, पायात चपला तशाच. "जावईबापू, वर धागा तुटला की कापडात खालपर्यंत रेघ उतरते. इतकं सोपं हाय! आणि आपण नुसतं पोटच बघत बसलो."

त्याच दिवशी घरातल्या चारपैकी तीन ब्रशांना लाल दोरे लागले. माझ्याही. मी जाम भडकलो, पण खरं सांगतो, सकाळी तो दोरा बोटाला लागला की दोन मिनिटं जास्त घासलं जातं. कोन गावाला जाणाऱ्या शेअर रिक्षात मामा बसले की शेजारच्याची खैर नाही. एकदा तर ते मागून रिक्षावाल्याच्याच तोंडात डोकावू लागले, तेव्हा तो बिचारा म्हणाला, "चाचा, पहले कोन तो पहुँचने दो." राहनाळला हळदीच्या मांडवात मामांनी नवरदेवाला पाटावरच आ करायला लावलं. पोरगा हळदीने माखलेला, पळणार कुठे? हिरड्या सुजलेल्या निघाल्या. ब्रश जवळ नव्हता, म्हणून दोरा त्याच्या हातातल्या हळकुंडाशेजारीच बांधून टाकला. वरमाई अजून मामांशी बोलत नाही.

पण ज्या तोंडासाठी मामांचा जीव तुटत होता, तेच उघडेना. ते तोंड त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. दोघांची घरं कोनला, भिंतीला भिंत लागून. सासूबाईंची मशेरी लहानपणापासूनची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना चोळल्याशिवाय त्यांना सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. हिरड्यांतून रक्त यायचं, त्यात दोन महिने पोट दुखत होतं आणि जेवण कमी झालेलं. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र त्या अंगावर यायच्या. त्यांना ब्रशच नाही, म्हणून मामांनी दोरा मशेरीच्या डबीला बांधला. त्यांनी तो विळीवर कापला. मामांनी दुसरा बांधला. रोज एकाने बांधायचा, दुसऱ्याने कापायचा, असं दोघं म्हातारी माणसं महिनाभर भांडत होती.

एका सकाळी मी गेलो तर सासूबाईंनी भाकरी तशीच बाजूला सारलेली आणि तोंडात मशेरी धरलेली. मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. भिंग खिशातच होतं.

"बाय, तुझी भावजय मला सांगायची, घास चावला की रक्त येतं. मी म्हणायचो, मीठ चोळ. लोकांचं कापड उजेडात धरून बघितलं मी, तिचं तोंड एकदा बघितलं न्हाय. तू तरी आ कर."

सासूबाई उठल्या. मग मोरीत जाऊन मशेरी थुंकल्या, चूळ भरली आणि भावासमोर येऊन आ केला. मामांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं, म्हणाले, "तुम्ही धरा."

डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ करायला घेतल्या आणि पोटाचं आधी बघा म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. दुर्बीण घालून तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला. ते दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. निघाला साधा अल्सर. मामांनी ही बातमी कोनपासून भिवंडीपर्यंत रिक्षारिक्षातून सांगितली. सासूबाई आता गुलाबी ब्रश वापरतात. त्यालाही अर्थातच दोरा लागला होता, हिरड्यांतलं रक्त थांबलं तसा तो गेल्या आठवड्यात मामांनी सगळ्यांसमोर सोडला.

सोडलेला दोरा खिशात घालून ते घरी निघाले, मीही मागोमाग गेलो. मोरीतल्या फळीवर एका ग्लासात दोन ब्रश होते. एक मामांचा, दुसरा कोरडा, जुना, मामींचा. मामांनी तो दोरा त्या कोरड्या ब्रशला बांधला, गाठ नीट आवळली.

मला राहवलं नाही. विचारलं, "मामा, हा कधी सोडायचा?"

"हा न्हाय सोडायचा. हा दोष तिचा न्हाय, माझा हाय."

 मग माझ्याकडे न बघताच त्यांनी खिसा चाचपला आणि म्हणाले, "आ करा."

मी मुकाट्याने आ केला.