वरची योजना, खालचा फंड आणि मधला मी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "पॉट्स स्पाइन."

मला वाटलं औषधाचं नाव असेल. मी विचारलं, "दिवसातून किती वेळा घ्यायचं?"

ते हसले नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजावून सांगितलं. पॉट्स स्पाइन म्हणजे मणक्याचा टीबी. टीबी फुप्फुसात होतो तसा हाडातही होतो. माझ्या पाठीतले दोन मणके आतून पोखरले होते आणि एकावर एक बसायला लागले होते. "बरा होतो हा आजार," ते म्हणाले. "पण आता उठायचं नाही. पाठीवर पडून राहायचं."

"किती दिवस?"

"महिने विचारा."

बायको, विमल, दाराशी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने मुलगी या कडेवरून त्या कडेवर घेतली, एवढंच.

मी सातवीत शाळा सोडली. गाव मंगरूळपीरच्या बाजूला, नाशिकपासून एका दिवसात धड पोचता येत नाही इतकं लांब. सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होतो. पाठ आठ महिने दुखत होती. प्रेसवर सगळ्यांचीच दुखते. मी तेल चोळलं, बाम लावला, गरम विटेने शेकलं, आणि ओव्हरटाइम केला. तुमची पाठ दुखत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल आणि वजन उतरत असेल, तर बाम लावत बसू नका. एक एक्स-रे काढा. मी आठ महिने वाया घालवले.

पण लिहायला बसलो ते एवढ्यासाठी नाही. दवाखान्यात मी दोन वेळा अडकलो. एकदा प्लास्टरमध्ये आणि एकदा कागदात. प्लास्टर डॉक्टरांनी कापून काढलं. कागदाचं सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी माझा पगार वाढला होता. आम्ही पेढे वाटले. पगार एका हद्दीच्या वर गेला की ई.एस.आय. सुटतं, म्हणजे कामगारांसाठीचा सरकारी विमा आणि त्याचा दवाखाना आपल्याला बंद होतो, हे पेढे वाटताना कोणी सांगितलं नाही. त्याच्या बदल्यात कंपनीची कुटुंब योजना मिळाली. तीत नवरा, बायको, मुलं, सगळ्यांच्या आजाराचा खर्च कंपनी देणार, पण वर्षातले पहिले तीन हजार ज्याचे त्याने भरायचे. तीन हजार म्हणजे माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. त्याच्या वर कितीही लागोत, कंपनी बघेल.

आता पहिले तीन हजार आणायचे कुठून? म्हणून कामगारांनी आपला एक मदत फंड काढला होता. दरमहा पाच रुपये पगारातून कापून जायचे आणि आजारपणात फंड ते पहिले तीन हजार द्यायचा. शॉपमध्ये, म्हणजे मशीनवर काम करताना, आम्ही कंपनीच्या योजनेला 'वरची' म्हणायचो आणि फंडाला 'खालचा'. वरची आणि खालचा दोन्ही असले की माणूस निर्धास्त. मी दोन्ही फॉर्मवर सही केली होती. वाचला एकही नव्हता.

दवाखाना गंगापूर रोडला होता. पहिल्या महिन्यात तपासण्या झाल्या. ई.एस.आर. म्हणजे रक्तातल्या लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते बघणं. वेग जास्त असला की शरीरात कुठेतरी आजार धुमसतोय. माझा खूप जास्त होता. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, त्याने कान वाजायचे. मूठभर गोळ्या. आणि प्लास्टर बेड, म्हणजे पाठीच्या मापाचा प्लास्टरचा साचा, त्यात उताणं झोपायचं.

उताण्या माणसाला छत दिसतं, पंखा दिसतो, आणि विहिरीत वाकून बघावं तशी माणसं वरून डोकावतात. आपण विहिरीत आहोत असंच वाटायला लागतं. खाज पाठीला सुटायची आणि खाजवायचं प्लास्टर.

शेजारच्या खाटेवर देवळ्याकडचे एक बाबा होते. कांद्याच्या चाळीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. खिडकी त्यांच्या बाजूला. मी विचारायचो, "बाबा, बाहेर काय दिसतंय?" ते म्हणायचे, "एक कुत्रं शे. तुझ्यापेक्षा सुखी शे."

पावत्या साठत गेल्या. तीन हजारांच्या पुढे गेल्यावर विमल त्या घेऊन फंडाच्या बैठकीला गेली. फंडाचे खजिनदार पगारे भाऊ, टर्नर. सरळ माणूस. फंडाचा एक रिवाज होता. पूर्वी कोणीतरी तीच पावती दोनदा दाखवून पैसे घेतले होते, तेव्हापासून पैसे दिले की पावती सगळ्यांसमोर फाडायची. आणि ती सभासदानेच स्वतःच्या हाताने फाडायची. नाव असलेला वरचा तुकडा फंडाच्या कागद ओवायच्या तारेत जायचा, रकमेचा खालचा तुकडा सभासदाकडे.

मी खाटेवर, म्हणून विमलने फाडल्या. परत आली तेव्हा खुशीत होती. पाकीट माझ्या छातीवर ठेवून म्हणाली, "पुरे तीन हजार देले. आन् बापा, सारे टाळ्या वाजवत होते मी फाडत होतो तवा."

मीही खुश झालो. आता वरची योजना सुरू होणार होती.

दुसऱ्या महिन्यात पायाला मुंग्या आल्या. मग पाय जड झाले. एका सकाळी डॉक्टरांनी तळव्यावर किल्ली ओढली आणि बोटं खाली वळायच्या ऐवजी उलटी वर गेली. लघवीला वेळ लागायला लागला होता, ते मी लाजेने सांगितलं नव्हतं. मायलोग्राम केला, म्हणजे कमरेत सुई घालून रंग सोडतात आणि तो मज्जारज्जूच्या कडेने कुठे अडतो ते फोटोत बघतात. माझा रंग दोन खराब मणक्यांपाशी अडला. तिथे कोल्ड अ‍ॅब्सेस होता, म्हणजे न तापणारं, न ठणकणारं गळू, आणि ते मज्जारज्जू दाबत होतं.

"ऑपरेशन करायचं," डॉक्टर म्हणाले. "पाय परत यायची चांगली आशा आहे. पण मला वाट बघायला लावू नका."

ऑपरेशनसाठी मुंबईहून भूल देणारे डॉक्टर यायचे होते आणि दवाखान्याला एक तर आगाऊ रक्कम हवी होती, नाही तर कंपनीचं हमीपत्र. विमल हमीपत्र मागायला कंपनीत गेली. पर्सोनेल ऑफिसर म्हणाले, "बाई, आधी पहिल्या तीन हजारांच्या मूळ पावत्या दाखवा. ते भरल्याशिवाय आमची योजना सुरूच होत नाही."

विमलने पाकिटातले अर्धे तुकडे टेबलावर ठेवले.

त्यांनी एक तुकडा उचलून उलटून बघितला. मग म्हणाले, "फाडल्या कोणी?"

संध्याकाळी ती माझ्या खाटेशी बसली. "म्याच फाडल्या. माह्या हातानं." एवढंच परत परत म्हणत होती. मला मान वळवता येत नव्हती. ती रडतेय ते मला ऐकू आलं, दिसलं नाही.

दवाखान्याच्या काउंटरने दुसरी प्रत द्यायला नकार दिला. पगारे भाऊंनी तारेतले वरचे तुकडे काढले आणि त्यांच्या बायकोने कणकेची खळ करून एकेक पावती जोडली. ऑफिसरने जोडलेल्या पावत्या घेतल्या नाहीत, आणि वर नवीनच सांगितलं. "हे पैसे तुम्हाला फंडाने दिले ना? मग तुमच्या खिशातून तीन हजार गेलेच नाहीत. नियमात 'स्वतःच्या खिशातून' असं लिहिलंय."

म्हणजे फंड नसता, तर मी कर्ज काढून भरले असते आणि वरची सुरू झाली असती. फंड होता म्हणून वरची बंद. ज्या दोन आधारांवर मी निर्धास्त होतो, त्यांनीच मला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं.

बाबा पलीकडून सगळं ऐकत होते. म्हणाले, "आमच्याकडे एका बैलाला दोन दावी बांधत नाय. एका दाव्यावर तो गोल तरी फिरतो. दोन दाव्यांवर जागचा हालत नाय. तुझं तसं हुई गे."

दिवस जात होते. रोज सकाळी डॉक्टर किल्ली ओढायचे आणि विचारायचे, "पत्र आलं?" डाव्या पायाला चादर लागतेय की नाही ते मला कळेनासं झालं.

मग कंपनीच्या ऑफिसातल्या एका क्लार्कने विमलला वाट दाखवली. पावत्या गहाळ झाल्या आणि फंडाकडून एक पैसाही मिळाला नाही, असं लिहून द्या, बाकी मी बघतो. कागद त्यानेच टाइप करून दिला. विमलने तो माझ्या तोंडासमोर धरला, वर पेन दिलं. खोटं वाटून मी थांबलो असं सांगितलं तर तेच खोटं होईल. मी सही करणार होतो. पण उताणं पडून बॉलपेन लिहीत नाही, शाई मागे जाते. दोन रेघोट्या उमटल्या आणि पेन थांबलं. विमल सिस्टरकडे शाईचं पेन मागायला गेली, तेवढ्यात पगारे भाऊ वरून डोकावले.

"जयभीम, इंगळे. काय करून राहिला?" त्यांनी कागद वाचला. वाचून घडी घातली, खिशात ठेवला.

"भाऊ, द्या तो इकडे."

"येडा हाय का तू? आमच्या रजिस्टरला तुझ्या नावावर तीन हजार हायेत, बायकोची सही हाय. उद्या कंपनीनं मिळवून बघितलं तर नोकरीबी जाईल. आन् पोरांनी पाच-पाच रुपये घालून उभा केलेला फंड चोर ठरंल. मला दोन दिवस दे."

"दोन दिवस माझ्या पायांकडे मागा," मी म्हणालो. मी त्यांच्यावर आयुष्यात तेवढा एकदाच ओरडलो.

ते खुर्चीवर बसून राहिले. मग विमलला म्हणाले, "वहिनी, इंगळेच्या पगाराच्या चिठ्ठ्या ठेवल्या का?"

"पेटीत हायेत. साऱ्या."

पुढचं मी विमलच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. आधी ते दोघं आमच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जोडलेल्या पावत्या बघितल्या, प्रत्येकीच्या जोडावर, अर्धी सही या तुकड्यावर आणि अर्धी त्या तुकड्यावर येईल अशी सही केली. त्यावर दवाखान्याचा शिक्का मारला. मग ते दोघं कंपनीत गेले.

ऑफिसरने परत खिशाचं काढलं. पगारे भाऊ नियमावर बोलायला लागले, साहेब इंग्रजीत उत्तर देऊ लागले. विमल उभीच होती. तिने पिशवीतून चिठ्ठ्या काढून टेबलावर मांडल्या. दर महिन्याच्या चिठ्ठीवर 'इतर कपात, पाच रुपये'. ती म्हणाली, "साहेब, हे पाच रुपये माह्या नवऱ्याच्या पगारातून तुमच्याच हपिसानं कापले. दर महिन्याले. तवा खिसा त्याचा होता. आन् आता तो लंबा पडला तं खिसा त्याचा नाही? मंग कोनाचा हाय, सांगा. मी त्यालेच जाऊन इचारतो."

साहेबांनी चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. आत जाऊन कोणाशी तरी बोलून आले. हमीपत्र टाइप होईपर्यंत विमल बसली नाही. बसलं की हे परत विचार बदलतील अशी भीती होती, असं ती म्हणाली.

डॉक्टर 'वाट बघायला लावू नका' म्हणाले त्या दिवसापासून पत्र हातात येईपर्यंत अकरा दिवस गेले होते.

ऑपरेशन म्हणजे डिकम्प्रेशन, दाब काढणं. बरगडीचा तुकडा कापून त्या वाटेने आत जाऊन पू आणि किडलेलं हाड काढलं आणि तोच बरगडीचा तुकडा मणक्यात टेकू म्हणून बसवला. शुद्धीवर आलो तेव्हा पाय होते की नव्हते ते कळत नव्हतं. दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं आणि मोजत राहिलो. मग एका दुपारी बाबा एकदम ओरडले.

"हालना! आरे, आंगठा हालना!"

हालना म्हणजे त्यांच्या बोलीत हलला. मला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, चेष्टा नको."

"चेष्टा? परत हालव. हां! सिस्टर, इकडे या, या बैलाचा पाय हालना!"

माझा स्वतःचा अंगठा मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. बाबांचे उपकार मी कसे फेडू? हाड जुळावं म्हणून पायाला टांगलेल्या वजनांमुळे ते स्वतःही जागचे हलू शकत नव्हते.

त्यानंतर चार महिने प्लास्टर जॅकेट, छातीपासून कमरेपर्यंत. दीड वर्ष गोळ्या. गोळ्या बरं वाटलं म्हणून सोडू नका, हे डॉक्टरांचं वाक्य मी इथे जसंच्या तसं देतो. उजवा पाय पूर्ण आला. डावा थोडा ओढतो, चपलेचं टोक पुढून झिजतं. त्या अकरा दिवसांमुळे तसं झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विमलला तर कधीच विचारू देणार नाही.

फंड आता पावत्या फाडत नाही. आधी मूळ पावत्या कंपनीला दाखवून त्यांचा शिक्का घेतो, मग फंडाचा शिक्का मारतो, आणि पावती अख्खी राहते. तुमच्याकडे वरची आणि खालचा असं दोन्ही असेल, तर आजारी पडायच्या आधी दोन्हीकडे जाऊन दोन गोष्टी विचारा, कागद कोणाला पहिला लागतो? आणि एकाने दिलेले पैसे दुसरा आजाऱ्याच्या खिशातले मानतो का? लाजू नका. मी लाजलो.

प्रेसवर मला परत घेतलं नाही, स्टोअरला बसवलं. त्याचंही काही वाईट वाटत नाही. पगारे भाऊंवर ओरडलो त्याची माफी मागायला गेलो तर म्हणाले, "आवाज चांगला हाय तुझा, बैठकीत येत जा."

गोळ्या संपल्यावर शेवटची तपासणी होती. विमल बसने पुढे गेली होती, दवाखान्याच्या पायरीवर वाट बघत उभी. मला घामाघूम येताना पाहून तिने पदराने माझं कपाळ पुसलं. आत डॉक्टरांनी पाठ ठोकून बघितली, तळव्यावर किल्ली ओढली, आणि विचारलं, "आलात कसे?"

"सातपूरहून चालत."

ते चिडले. "एवढं चालायला कोणी सांगितलं? बसला पैसे नव्हते का?"

"होते, साहेब," मी म्हणालो.