दसऱ्यासाठी राखलेलं टायर

जळक्या रबराचा वास आला की मला अजून शिसारी येते. लहानपणी भादव्याच्या पावसात वळसंगहून सोलापूरला येताना उतारूंच्या सर्व्हिस मोटारीचं टायर फाटलं. टपावर कोरं टायर होतं, पण दसऱ्याच्या पूजेआधी ते चढवायचं नाही म्हणून मालकाने फाटक्यातच जुन्या चपलेचा तळ कोंबला. "पुढं उतार हाय, नवं घाला की," माझी विधवा आत्या म्हणाली. त्याने ऐकलं नाही. उतारावर टायर घासून जळालं, फुटलं, मोटार कलंडली, आत्याचा हात मोडला. मालकाने आधी कोऱ्या टायरावरचा चिखल धोतराने पुसला, मग म्हणाला, "बोडकी बाई बसली की असंच व्हतंय." उतारूंनी माना डोलावल्या. त्या जळक्या वासात मी भडाभडा ओकलो. "भ्यालंय पोर," लोक म्हणाले. आज सांगतो, भीतीने ओकलो नव्हतो मी.