पिल्लाची आई पडद्यावर येत नाही

मडिवाळप्पाची छाती गिरणीतल्या कापसानं धरली, तेव्हा त्याला तिथलं काम सोडावं लागलं. आवाज मात्र शाबूत होता, आणि मराठी-कानडी दोन्ही त्याच्या तोंडी सारखीच. भवानी पेठेजवळच्या मैदानात यज्ञेश्वरपंतांनी सिनेमाचा तंबू ठोकला होता. मुक्या चित्रांचा तो जमाना. पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायला त्यांना माणूस हवा होता. मडिवाळप्पा तिथं लागला.

त्या उन्हाळ्यात पंतांनी पोरांसाठी परदेशी चित्र आणलं. त्यात माणसं नव्हती. सगळी हातानं काढलेली, पण हलणारी चित्रं. आईपासून चुकलेलं हत्तीचं पिल्लू सर्कशीत सापडतं, पिंजऱ्यात कोंडलं जातं. आई डोंगर चढत त्याला हुडकायला निघते. पोरं डोळे फाडून बघत होती. आणि मग, काय झालं कुणास ठाऊक, चित्र काढणाऱ्याला विदूषकाचाच नाद लागला. विदूषक पडतो, माकड त्याला बदडतं, तो उठतो, पुन्हा पडतो. आईचा पत्ताच नाही. शेवटी पिंजऱ्यातलं पिल्लूही नाचायला लागतं आणि पडदा पांढरा होतो.

"अज्जा, त्याची आई कुटं गेली?" पुढं बसलेल्या नागव्वानं विचारलं. शेजारच्या तेलाच्या दुकानदाराची ती लेक.

मडिवाळप्पा गांगरला. "आली की! तंबूच्या मागं उभी हाय," तो बोलून गेला.

पोरं धावलीच. मागं दोर, खुंट्या आणि खेळाला वीज पुरवणारं, तेलानं काळं पडलेलं इंजिन. नागव्वा त्याच्याकडं न बघताच घरी गेली.

पंत मात्र खूश. "रोज हेच सांगायचं. पोरं पुन्हा येतील आई बघायला."

"मालक, चित्रच फसलंय. मी किती खोटं बोलू?"

"मग गिरणीत जा परत."

त्याच्या छातीचं दुखणं पंतांनाही माहीत होतं. मडिवाळप्पा रोज तेच सांगत राहिला. खेळ सुरू झाला, आई डोंगर चढू लागली, की तो पुढं बसलेल्या पोरांकडं बघायचं टाळी.

चित्र बार्शीला निघालं, त्यालाही जावं लागलं. तिथं पिल्लू नाचायला लागलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "नाचल्याबिगर खायला देत न्हाईत, म्हणून नाचतंय. आई येणार न्हाय, पोरांनो. चित्रवाला तिला विसरला."

एक पोरगं हुंदके देऊ लागलं, मग दुसरं. आयांनी पोरं उचलली, तंबू रिकामा झाला.

पंत जवळ आले. आवाज न चढवता म्हणाले, "दुसऱ्या खेळाची माणसं बाहेर उभी आहेत, मडिवाळप्पा."

त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि दुसऱ्या खेळात पंतांना हवं तेच सांगितलं.

पुढं बोलपट आले, त्याची गरज संपली. मग नवी पेठेत एका कापडाच्या दुकानाच्या दारात उभा राहून तो गिऱ्हाइकांना हाका मारू लागला. दुकानदार सांगेल ते, दोन्ही भाषांत.